एका माणसाचं विमान

पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ठाणे जिल्ह्यातून एकट्याने लढा दिलेला पुरुष म्हणजे माझे मामेसासरे. हा लढा दहा-बारा वर्षं चालला. त्याची पृथ्वीला फारशी कल्पना नव्हती, पण डोंबिवली पूर्वेला चांगलीच होती. कारण मामांच्या शेडमधलं इंजीन सुरू झालं की मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीतल्या चार इमारतींतली माणसं दुपारच्या झोपेतून उठून गॅलरीत यायची, खाली बघायची, विमान जागच्या जागीच आहे याची खात्री करून घ्यायची आणि परत जाऊन झोपायची.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या लग्नाच्या बोलणीत झाली. मुलीचे मामा म्हणून त्यांना मानाने बोलावलं होतं. ते आले, माझ्यासमोर बसले, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बहात्तर. नाही चालणार." माझ्या वडिलांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. माझ्या होणाऱ्या सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "अरे दादा, काय बोलतोयस तू?" तर मामा म्हणाले, "विमानाबद्दल बोलतोय. साठ किलोच्या वरचा माणूस त्याला चालत नाही. लग्नाला माझी काहीच हरकत नाही." या घराण्यात माझा प्रवेश झाला तो असा, विमानासाठी नापास होऊन. त्यानंतर त्यांनी मला कायम 'जावईबापू' म्हटलं. पण इतर घरांत जावईबापू म्हटल्यावर पाट मांडतात, मामांकडे हातात पाना देत.

विमान म्हणजे लोकांना वाटतं तसं काही ते नव्हतं. अमेरिकेतल्या कुणा कल्पक माणसाने हौशी लोकांनी घरी बांधावं म्हणून एक हलकं, एका माणसापुरतं विमान आखलेलं होतं. त्याचे नकाशे टपालाने मागवता येत. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एक सीट, तीन चाकं, मागे शेपूट. दोघांनी धरून उचलावं इतकंच वजन. मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्याने काढलेलं ड्रॉइंग चांगलं आहे असं त्यांच्या तोंडून कारखान्यात कुणी ऐकलं नव्हतं, पण हे नकाशे ते रविवारी अंघोळ करून, हात पुसून उघडत. नकाशांच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सामान्य माणूस हे विमान फावल्या वेळात आपल्या घरी बांधू शकेल. घर या शब्दाने त्या अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल कोण जाणे. मामांचं घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं होतं. मागे पत्र्याची शेड होती खरी, पण पावसाळ्यात ती गळायची, आणि पंखाला ओल चालत नाही. तेव्हा पंख घरात आला. तो हॉलमध्ये सुरू होऊन मधल्या दारातून स्वयंपाकघरात जात असे आणि त्याचं टोक ओट्यावर गॅसच्या शेगडीपासून वीतभर अंतरावर थांबत असे. मामींनी चार पावसाळे त्या टोकाखाली वाकून पोळ्या केल्या. पाहुणा आला की मामा त्याला आधी पंखाखालून पलीकडे जायला शिकवत आणि मगच पाणी विचारत.

वजनाचं तर त्यांना वेडच लागलं होतं. रद्दीवाल्याकडे असतो तसा एक ताणकाटा खिळ्याला टांगलेला असे आणि विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्या काट्याला लटके. स्क्रू लटके, वायसर लटके, रंगाचा डबा रंगवण्यापूर्वी आणि रंगवल्यानंतर लटके. आपणही विमानाचाच एक भाग आहोत हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःकडे मोर्चा वळवला. चपलांचे जाड तळ गेले, मनगटावरचं घड्याळ गेलं, दिवाळीच्या फराळात ते चकलीचा तुकडा मोडून घेत. एकदा त्यांनी जानवंसुद्धा काढून काट्याला लावलं होतं. काटा हलला नाही. तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "संस्कारांचं वजन नगण्य आहे. राहू द्या." आणि परत गळ्यात घातलं.

पण लोकांना खटकायची ती वेगळीच गोष्ट. विमान बघायला येणारा प्रत्येक माणूस एकदा गोल फिरून झाल्यावर तोच प्रश्न विचारी: "आणि मी कुठे बसू?" आपल्याकडे रिक्षात तिघांच्या जागी चौघं बसतात, स्कूटरवर आईबाप आणि दोन मुलं मावतात, सिनेमाला निघालं तर शेजारणीला हाक मारावी लागते. एकट्याने करायची म्हणून जी कामं आहेत ती सगळी मोरीत होतात. अशा समाजात बारा वर्षं खपून एकच सीट असलेलं वाहन बांधणं हे लोकांना जवळजवळ अपमानासारखं वाटे. सोसायटीचे सेक्रेटरी, जे स्वतः एका बँकेत होते आणि ज्यांना सगळ्या गोष्टी नियमात बसवायची सवय होती, ते म्हणायचे, "मामा, निदान मागे एक कॅरियर तरी लावा. कोणी सोबत आलं तर?" मामा म्हणत, "वजन." सेक्रेटरींची दुसरी अडचण अशी होती की सोसायटीच्या नियमांत पार्किंगसाठी दुचाकी आणि चारचाकी एवढेच प्रकार होते, आणि विमानाला चाकं तीन. शेवटी कार्यकारिणीने बराच विचार करून ते रिक्षा म्हणून नोंदवलं.

त्या एका सीटपायीच मामांच्या संसाराचं बिनसलं, असं मी म्हणेन. तसं घरात कोणी म्हटलं नाही. त्यांची मुलगी बडोद्याला दिलेली होती. तिचं डोहाळजेवण डोंबिवलीलाच केलं, आणि तिथे तिच्या सासऱ्यांनी पंगतीत सगळ्यांसमक्ष तोच प्रश्न विचारला. "काय व्याही, दुसरी सीट का नाही केलीत?" मामांना बोलण्यात चमकायची संधी क्वचितच मिळे. ते म्हणाले, "दुसरी सीट लावली की ते विमान राहत नाही हो, संसार होतो." पंगत खूप हसली. मामीही हसल्या. त्या वाढत होत्या. त्यांनी हसत हसतच मामांच्या पानात खीर वाढली आणि पुढे गेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी आपल्याकडची रीत. पण माहेरी पंख होता, पाळणा टांगायला जागा नव्हती. मग मामीच मुलीबरोबर बडोद्याला गेल्या. निघताना स्टेशनवर त्या मामांना एवढंच म्हणाल्या, "उडलं की कळवा." ते बाळ बसायला लागलं, चालायला लागलं, बालवाडीत जाऊन गाणी म्हणायला लागलं, तरी मामी परतल्या नव्हत्या. भांडण झालं होतं म्हणावं तर झालं नव्हतं. मामींनी विचारलेलं नव्हतं आणि मामांनी कळवलेलं नव्हतं, इतकंच.

दर रविवारी संध्याकाळी मामा नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जात. काचेच्या त्या केबिनमध्ये पंखा नसल्यामुळे ते दार उघडंच ठेवत, आणि त्यामुळे बाहेरच्या रांगेला विमानाची आठवड्याची प्रगती समजे. "शेपटीचं कापड ताणून झालं. डोप दिलं... डोप म्हणजे, लुगडं खळीत घालतात ना, तसं समज... नाही, अजून नाही... हो, डबा येतो... भाजी बरी असते." मामींचं बोलणं अर्थातच ऐकू येत नसे, पण त्यांचा पहिला प्रश्न काय असायचा ते रांगेतल्या सगळ्यांना पाठ होतं. बूथवाला तर मामा आत शिरतानाच म्हणायचा, "काय मामा, इस हफ्ते उडालं की नाही? मामींना आज काय सांगणार?" मामा गंभीरपणे म्हणत, "पुढच्या महिन्यात बघू." बूथवाला मान डोलवायचा. त्या माणसाने विमानाचे जितके पुढचे महिने ऐकले असतील तितके मामींनीही ऐकले नसतील.

मी रविवारी सकाळी जात असे, कारण पंख धरायला माणूस लागे आणि मामांकडे दुसरं कोणी येईनासं झालं होतं. सुरुवातीला गर्दी असायची. मग सवयीची झालेली गोष्ट बघायला माणसं कशाला येतील? बायको म्हणायची, "अरे, जा रे तू. तेवढाच त्याच्याशी बोलायला कोणीतरी." पण बोलणं होत नसे. मामा पान्यांचे नंबर मागत, मी देत असे. एकदा मी संध्याकाळी अचानक गेलो. शेडचं दार लोटलेलं होतं. आत मामा विमानात बसले होते. इंजीन अजून यायचं होतं, दिवा बंद, दोन्ही हात दांड्यावर, पाय पट्ट्यांवर. समोर हातभरावर शेडची पत्र्याची भिंत आणि तिच्यावर औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर. मी खाकरलो. मामा मुळीच दचकले नाहीत. "इथनं बरं दिसतं," असं म्हणाले आणि कॅलेंडरकडे बघत राहिले. काय दिसतं, ते विचारायचं मला सुचलं नाही.

पुढे कारखाना बंद पडण्याच्या बेतात आला, मामांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कामाला वेग आला. जुन्या बाजारातून इंजीन आलं. ते मुळात कशाचं, यावर दोन मतं होती: मामांच्या मते बर्फावर चालणाऱ्या गाडीचं, विकणाऱ्याच्या मते शेतीच्या पंपाचं. तरुणपणी मामा पुण्याला जाऊन बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायला शिकले होते, त्यामुळे उडवण्याची त्यांना चिंता नव्हती. सरकारी परवानगीचा विषय मी इथे काढत नाही. मामांनीही काढला नव्हता. कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या रस्त्याला महायुद्धाच्या काळातली एक पडीक धावपट्टी आहे. तिथे आजूबाजूची गुरं चरत, गावची पोरं क्रिकेट खेळत आणि कल्याणचे लोक मोटार शिकायला येत. तिच्यावर विमान पळवायचं असं ठरलं.

त्याआधी दसरा आला. दसऱ्याला सोसायटीतल्या सगळ्या वाहनांची पूजा होई. या खेपेला विमानाचीही व्हावी असा आग्रह बायकांनी धरला. विमान शेडमधून ओढून आवारात आणलं. इंजिनाच्या पंख्याला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. सोसायटीच्या अध्यक्षांनी भाषण केलं. आजवर जी व्यक्ती त्यांच्या मते पाण्याच्या टाकीजवळ अडगळ करत होती, तिच्याविषयी ते म्हणाले की आज आपल्या सोसायटीने आकाशात पाऊल ठेवलं आहे. पाऊल अद्याप लिंबावरच होतं, पण टाळ्या पडल्या. गुरुजींना बोलावलं होतं. त्यांना वाहनाची साधी पूजा पटेना. इतकं मोठं कार्य, तर संकल्प सोडून यथासांग करू म्हणाले. मामा पाटावर बसले. गुरुजींनी शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

"यजमानीणबाई?"

"बडोद्याला," मामा म्हणाले.

"येतील ना एवढ्यात?"

विमान आकाशात जावं की न जावं याबद्दल सोसायटीत मतभेद होते, पण मामींबद्दल कोणी मामांना तोंडावर कधी विचारलं नव्हतं. मामा म्हणाले, "नाही. एवढ्यात नाही."

"हरकत नाही," गुरुजी म्हणाले. बायको हजर नसेल तर तिच्या जागी कमरेला सुपारी लावून बसतात, ही पद्धत त्यांना रोजचीच होती. त्यांनी तबकातली एक सुपारी उचलून मामांच्या हातावर ठेवली. "ही कमरेला खोचा. म्हणजे जोडीने बसल्यासारखंच." मामांनी सुपारी तळहातावर जरा वरखाली केली. मला वाटलं आता ताणकाटा मागवतात. सोवळ्याच्या निऱ्यांत त्यांनी ती खोचली आणि उजव्या पाटाकडे न बघता गुरुजी सांगतील तसं पाणी सोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पंख सोडवून विमान टेम्पोत घातलं, मामा ड्रायव्हरशेजारी, मी मागे पंख धरून. धावपट्टीवर उन्हं आली होती, बाजूच्या शेतांत भात उभं होतं, एक म्हातारा आपल्या म्हशी घेऊन आला होता. पंख जोडून होईपर्यंत तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "काय ओ शेट, यो इमान खरंच उरंल का नुसता बोंबलंल?" मामा म्हणाले, "बघू या." म्हातारा म्हणाला, "जरा दमानं. मना म्हशी बाजूला घेऊंदे."

मामांनी मग खिसे रिकामे करायला सुरुवात केली. किल्ल्या दिल्या, रुमाल दिला, पाकीट दिलं, चष्म्याचं घर दिलं. चपला काढून माझ्या पायांशी ठेवल्या, त्या मी उचलून घेतल्या. पँटच्या पट्ट्याशी त्यांचा हात गेला आणि त्यांनी कालची सुपारी बाहेर काढली. पूजा झाल्यावर ती काढून ठेवायची असते. त्यांनी ती काढली नव्हती. धोतर सोडताना काढून, पँट चढवल्यावर परत खोचली असणार. मी हात पुढे केला. मामा थोडा वेळ सुपारीकडे बघत राहिले. जानवं सोडून आजवर काट्यावर चढलेल्या कुठल्याच वस्तूला त्यांनी दया दाखवलेली मी पाहिली नव्हती.

"ही राहू द्या," ते म्हणाले. "एवढं चालतं."

आणि परत खोचून ते विमानात बसले.

ते उडलं. मी शपथेवर सांगतो, उडलं. बराच वेळ नुसतं धडधडत, नाक हलवत पळत गेलं, आणि मग चाकांखाली उजेड दिसायला लागला. कडेच्या ताडांच्या उंचीपर्यंत ते गेलं असेल, कदाचित तेवढंही नसेल. इतक्या लांबून मामा अगदी लहान दिसत होते. त्या सगळ्या उघड्या आकाशात एक खुर्ची आणि तिच्यावर बसलेला एक माणूस. मी टाळ्या वाजवायला गेलो, पण हातांत त्यांच्या चपला होत्या. मग विमान धावपट्टीच्या टोकाशी खाली आलं, पलीकडच्या बांधाला धडकलं आणि पुढचं चाक वाकवून थांबलं. मी धावत पोचलो तेव्हा मामा अजून बसलेलेच होते. "लागलं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "वरून गाव दिसतं." मागून म्हातारा आला. "कवरा उरला ओ?" त्याने मलाच विचारलं. "मना दिसलाच नाय. म्हशी बुजल्या, त्यांच्यामांगं धावत हुतो."

तो काही रविवार नव्हता, पण परत येताना मामांनी टेम्पो थेट बूथपाशी थांबवायला लावला. बूथवाल्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता लाइनीत उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला, "रुको भाई, एक मिनट." मामा आत गेले. सवयीने दार उघडं ठेवलं.

"उडलं," ते म्हणाले. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिले. "हो. आत्ताच... नाही, काही लागलं नाही... नाही. एकटा नव्हतो."

मीटर टकटक करत होतं. रांगेतलं कोणी हललं नाही.

"अगं, जावईबापू कसे बसतील? बहात्तर किलो आहेत ते... काल पूजेला गुरुजींनी सुपारी दिलेली कमरेला लावायला, ती... हो. तीच... हो, वर. बरोबर." मग त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "नाही," मामा एकदम हळू आवाजात म्हणाले, "काढली नाही अजून. आहे."

बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मला म्हणाले, "ती म्हणते, सुपारी इकडे घेऊन या." मग काही तरी अडल्यासारखे थांबले आणि म्हणाले, "टपालाने नको म्हणाली."

मामा सुपारी पोचवायला म्हणून चार दिवसांसाठी बडोद्याला गेले आणि राहिले. मुलीच्या घरी त्यांच्यासाठी एक खोली होती, नातीला शाळेत सोडायला माणूस हवा होता. दिवाळीनंतर मामी एकदा येऊन घर आवरून गेल्या. उडून आल्यावर पुन्हा घरात ठेवलेला पंख मामींनी आणि मी मिळून शेडमध्ये नेला. ओट्यावर उजेड पडल्यावर त्या तिथे थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. पुढे फ्लॅट भाड्याने गेला, विमान एका इंजिनिअरिंग कॉलेजने मागून नेलं. मी रविवार सकाळचा अजूनही लवकर उठतो. पेपर वाचून होतो, दुसरा चहा होतो, आणि मग हातांना करण्यासारखं काही उरत नाही. त्या माणसाशी इतक्या वर्षांत धड चार वाक्यंही मी बोललो नव्हतो. आता पुष्कळ बोलावंसं वाटतं.

गेल्या संक्रांतीला आम्ही उभयता बडोद्याला गेलो होतो. तिकडे त्या दिवशी सगळं गाव गच्चीवर असतं. मामाही होते, डोक्याला टोपी, बोटाला चिकटपट्टी, नजर वर. मामी मागे स्टुलावर बसून दोन्ही हातांनी मांज्याची फिरकी धरून होत्या. मामा मागे न बघता म्हणत, "सोड," की त्या सोडत. "गुंडाळ," की गुंडाळत. फार बोलणं असं नव्हतं. मी कठड्याला टेकून बघत उभा राहिलो. दुपारी बायकोने तिळगूळ आणला, तेव्हा मामींचे हात गुंतलेले होते म्हणून तिने तो त्यांच्या तोंडात घातला. आम्ही होतो त्या दोन दिवसांत मामांचा एकही पतंग शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या वर गेला नाही.